आपण मूळचे कुठले?

जूनचे पंधरा दिवस आमच्या घरात फॉर्म भरण्यातच गेले. लेक बारावी झाली, तिला पुण्याला शिकायला जायचं आहे. जवाहर चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही बापलेक इतक्यांदा गेलो, की दुकानदार आता आमचं आधार कार्ड मागतही नाही.

त्या कागदांच्या गठ्ठ्यात एक कागद मध्य प्रदेश सरकारचा होता, 'मूल निवासी प्रमाणपत्र'. लेक हसली. म्हणाली, "बाबा, मराठीत वाचलं तर हे लहान मुलांच्या वसतिगृहाचं पत्र वाटतं." हिंदीत मूल म्हणजे मूळ, आणि मराठीत मूल म्हणजे लेकरू. ते प्रमाणपत्र मिळालं. ती भोपाळची मूल निवासी आहे, असं शासनाने शिक्का मारून सांगितलं. दोन दिवसांनी पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म उघडला. तिथे रकाना होता : महाराष्ट्रातील की महाराष्ट्राबाहेरील? घरात मराठी बोलणारी, मराठीत जपमाळ म्हणणारी आमची पोर तिथे 'बाहेरील' ठरली.

तिसरा प्रश्न मात्र कुठल्याच फॉर्मवर नव्हता. एका मैत्रिणीच्या घरी गेली असताना तिथल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिला विचारलं, "आप लोग पहले क्या थे?" विचारण्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती, असं तीच म्हणाली. घरी येऊन तिने तोच प्रश्न माझ्या आईला विचारला. "आजी, आपण आधी कोण होतो?" आई म्हणाली, "आपण ख्रिस्ती. एवढंच सांगायचं." आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आतच गॅस बंद करायला उठली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी धर्मग्रामात रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो. अब्राहामापासून इसहाक, इसहाकापासून याकोब, हे मी मुलांकडून पाठ करून घेतो. आणि माझ्याच घरातली वंशावळ माझ्या आजोबांपाशी येऊन थांबते! त्या रात्री मला ते फार लागलं. म्हणून ठरवलं, लेक गाडीत बसायच्या आत तिला सगळं सांगायचं. जे सांगितलं ते इथे लिहितो आहे, कारण आपल्यातल्या पुष्कळ घरांत ही गप्प बसण्याची सवय आहे, आणि माझ्या मते ती आता सोडायला हवी.

आमची गोष्ट श्रीरामपूरच्या बाजूच्या एका गावात सुरू होते. जिल्हा अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. आम्ही गावकुसाबाहेरचे, महारवाड्यातले. खापरपणजोबांकडे येसकरकी होती. वेशीवर राखण करायची, सांगावे पोहोचवायचे, आणि संध्याकाळी घरोघर भाकर मागायची. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला, तो आमच्या लोकांच्या बोलण्यात 'छपन्नाचा दुष्काळ' म्हणून राहिला. वेशीच्या आतल्यांनाच खायला नव्हतं, तर बाहेर भाकर कोण वाढणार? त्या काळात मिशनच्या लोकांनी धान्य दिलं, विहिरीची कामं काढली, पोरांना शाळेत घेतलं. आमच्या घरच्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. माझे पणजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते.

हे मी सांगितल्यावर लेकीने जो प्रश्न विचारला, तो मी ओळखून होतो. "म्हणजे लोक म्हणतात ते खरंच ना बाबा? भाकरीसाठी बाटलो आपण?"

आमच्या पिढीने हा टोमणा ऐकला आणि मान खाली घातली. आईने गॅस बंद करायला उठण्याचं कारणही हेच. पण मला विचाराल तर या टोमण्याला मान खाली घालून उत्तर द्यायची गरज नाही, आणि खोटं बोलायचीही नाही. होय, भाकर होती. भुकेल्या माणसाच्या दारात देव यायचा असेल तर तो भाकर घेऊनच येणार, नुसतं व्याख्यान घेऊन कसा येईल? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर मागतोच की. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू लोकांना टोकतो, की तुम्ही भाकरी खाल्ल्या म्हणून मला शोधत आलात. टोकतो खरा, पण आधी पाच हजारांना जेवू घातलेलं असतं, आणि दिलेली भाकर तो परत मागत नाही. पुढे त्यातले कित्येक निघून गेले, काही थांबले. आमचे थांबले. दुष्काळ संपला, पाऊस पडला, भाकर इतर ठिकाणी मिळू लागली, तरी थांबले. शंभराहून अधिक वर्षं झाली. भाकरीसाठी आलेला माणूस पोट भरल्यावर उठतो. पोट भरल्यावरही जो बसून राहतो, तो दुसऱ्या कशासाठी तरी बसलेला असतो.

कशासाठी? पणजोबांना शाळेत बाकावर इतर मुलांच्या शेजारी बसवलं गेलं, यासाठी. ज्या बोटांनी मागितलेल्या भाकरीचे तुकडे झोळीत टाकले, त्या बोटांना अक्षर गिरवायला मिळालं, यासाठी. आणि आपल्यासाठी मेलेला, गावाच्या वेशीबाहेर नेऊन मारलेला एक देव आहे, हे ऐकल्यावर वेशीबाहेरच्या माणसाला त्याची ओळख पटली, यासाठी. लेकीला म्हटलं, येशूला शहराबाहेर क्रुसावर दिलं हे वाक्य आपण दर गुड फ्रायडेला ऐकतो. तुझ्या खापरपणजोबांनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार कर.

पुढची गोष्ट नागपूरची आहे. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि एका फादरांची चिठ्ठी घेऊन नागपूरला गेले. तिथे सचिवालयात कारकून झाले. त्या वेळी नागपूर ही जुन्या मध्य प्रांताची राजधानी होती. १९५६ साल उजाडलं. राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात जाणार, आणि नवा मध्य प्रदेश १ नोव्हेंबरला भोपाळला सुरू होणार, असं ठरलं. नागपूरच्या शेकडो कुटुंबांप्रमाणे आजोबांच्याही हातात भोपाळचा आदेश पडला.

त्याच्याच आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तो रविवार होता. आजोबांचे चुलतभाऊ गावाहून दीक्षेला आले होते, ते आजोबांच्याच खोलीत उतरले. सकाळी आजोबा मिस्साला गेले आणि चुलतभाऊ पांढरे कपडे घालून मैदानाकडे गेले. आजी फडक्यात भाकऱ्या बांधून देताना म्हणाली होती, "दोघंही देवाच्याच दारात चाललाय, भांडू नका." ही एवढी गोष्ट माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, मला एकदा सांगितली होती, आणि पुन्हा कधी काढली नव्हती. अठरा दिवसांनी नवं राज्य झालं आणि आजोबा ट्रंक, वळकटी आणि चार वर्षांच्या दादांना घेऊन भोपाळला आले.

तेव्हा लेकी, आपली भावकी दोन वाटांनी गेली आहे. एक वाट बुद्धाकडे, एक ख्रिस्ताकडे. निघालेली मात्र एकाच वेशीबाहेरून. कुणी बौद्ध मुलगी पुण्यात तुझ्या शेजारच्या खोलीत राहायला आली, तर ती तुझी लांबची बहीण असू शकते, हे ध्यानात ठेव.

आणि अजून एक कडू गोष्ट, तीही आपली आपणच सांगावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. म्हणजे बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघाली असं कागद मानतो, पण चौकातली माणसं तसं मानत नाहीत. आणि आपण तरी कुठे पूर्ण मानतो? आपल्यातल्या लग्नाच्या बोलण्यांत जात मागच्या दाराने येऊन बसतेच. हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

आता माझं मत सांगतो. मुलांना मुळं सांगताना आपण दोन चुका करतो. एक तर काहीच सांगत नाही, नाहीतर तेवढं चांगलंच सांगतो. पहिलीने मूल पोरकं होतं, दुसरीने गर्विष्ठ. संत मत्तय आपलं शुभवर्तमान कशाने सुरू करतो ते पाहा. येशूच्या वंशावळीने. आम्ही वर्गात ती भराभर वाचून टाकतो, कारण नावं जड जातात. पण त्या नावांत तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरियाची बायको आहे. कुठल्याही सोयरिकीच्या बैठकीत ज्यांचा विषय निघाला की सुपारी कातरण्याकडे लक्ष जावं, अशा या गोष्टी. मत्तयाला त्या गाळता आल्या असत्या. त्याने गाळल्या नाहीत. ज्या वंशात देव स्वतः जन्माला आला, त्या वंशाची वही त्याने खाडाखोड न करता वाचून दाखवली. मग आपल्या वहीतली येसकरकी, दुष्काळ आणि मागितलेली भाकर आपण का खोडावी?

आमच्या धर्मग्रामातले एक ज्येष्ठ मला म्हणाले, "मास्तर, हे उकरून काय मिळणार? आपलं वतन स्वर्गात आहे असं संत पौल सांगतो. इथलं मूळ काय घेऊन बसलात?" त्यांचं म्हणणं वरवरचं नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे जग मुक्कामाचं आहे, हे मीही शिकवतो. शिवाय भोपाळचा आमचा धर्मग्राम पाहिला तर कोण कुठला हे विचारत बसणं बरंही नाही. केरळच्या परिचारिका आहेत, भेलमध्ये नोकरीला आलेली तमिळ कुटुंबं आहेत, जशपूरकडचे उराँव आहेत, झाबुआचे भिल्ल आहेत, आणि आम्ही मूठभर मराठी. मिस्सा हिंदीत होते, म्हणून सगळे एकत्र बसतो.

पण मी त्यांना एवढंच विचारलं, की प्रभूला लोक काय म्हणत? नासरेथकर. आपल्याकडे आडनावाला गाव जोडून 'कर' लावतात तसंच. नासरेथातून काही चांगलं निघेल का, अशी चेष्टाही झाली त्या गावाची. तरी ते नाव त्याने टाकलं नाही. क्रुसावर जी पाटी लावली तिच्यावरही ते गाव होतं. स्वर्गाहून आलेल्याने ज्या गावाचं नाव शेवटपर्यंत अंगावर वागवलं, त्याच्या शिष्यांनी आपल्या गावाचं नाव घ्यायला का लाजावं? स्वर्ग हे वतन आहेच. पण तिथे जायला निघालेला प्रत्येक जण कुठून तरी निघालेला असतो.

मग बापाने लेकराला नेमकं सांगायचं काय? यासाठी मला सगळ्यांत जवळचं पुस्तक वाटतं ते तोबिताचं. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये ते आहे, प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये नाही, म्हणून पुष्कळांना ते माहीत नसतं. तोबित हा नफताली वंशातला माणूस. त्याचा देश गेला, त्याला निनवे शहरात नेलं गेलं. लहानपणी वडील वारले म्हणून आजीने, दबोरेने, त्याला धर्म शिकवला होता. पुढे तो आंधळा झाला. आता आपण मरणार असं वाटून त्याने मुलाला, तोबियाला, जवळ बोलावलं. दूर मेदियात एका ओळखीच्या माणसाकडे चांदी ठेवलेली होती, तिची त्याला आठवण झाली म्हणून बोलावलं. पण चौथा अध्याय काढून पाहा, चांदीचा विषय तो अगदी शेवटी काढतो. आधी काय सांगतो? मला नीट पूर. आईला अंतर देऊ नकोस. देवाला विसरू नकोस. थोडं असेल तर थोड्यातून दे, पण गरिबाकडे पाठ फिरवू नकोस. कामगाराची मजुरी रात्रभर घरात ठेवू नकोस. स्वतःला जे नको वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस.

परमुलखात राहणाऱ्या बापाने मुलाला दिलेली ही मुळं आहेत. यात जमिनीचा सातबारा नाही. गेलेल्या राज्याबद्दल रडगाणं नाही. शेजारच्या निनवेकरांचा द्वेष करायलाही त्याने शिकवलेलं नाही. मुळाची ओळख माणसाच्या वागण्यातून व्हावी, असं त्याचं म्हणणं दिसतं.

त्या अध्यायात एक सल्ला आज वाचताना अडखळायला होतं. लग्न आपल्याच कुळात कर, असं तोबित सांगतो. मूठभर लोक परक्या देशात विरून जातील, ही त्याची भीती मला कळते. पण त्याच बायबलात मवाबाची रूथ आहे, जी परकी असून दाविदाची पणजी झाली. म्हणून मी लेकीला तो सल्ला तसाच्या तसा दिला नाही. म्हटलं, कुळ बघू नकोस, पण ज्याला तुझ्या आजीशेजारी जेवायला बसायला संकोच वाटेल, त्याच्याशी संसार मांडू नकोस.

दुसरी गोष्ट राहत्या गावाची. यिर्मयाने बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र पाठवलं, की घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात आहात त्याचं भलं मागा. भोपाळच्या बाबतीत ते आमच्या घरात कसं घडलं, ते दादांमुळे मला ठाऊक आहे. जवाहर चौकाजवळ सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. नागपूरची, ग्वाल्हेरची, इंदूरची मराठी कुटुंबं आजूबाजूला. आजोबा पंचवीस वर्षं "आमच्या नागपूरला" असंच बोलत राहिले. मग २ डिसेंबर १९८४ ची रात्र आली. युनियन कार्बाइडचा वायू जुन्या शहरावर पसरला. आमचा भाग त्या मानाने लांब होता, आम्ही वाचलो. सकाळी दादा धर्मग्रामातल्या तरुणांबरोबर हमीदिया रुग्णालयात गेले. तीन दिवस लोकांच्या डोळ्यांवर पाणी मारणं, पाणी पाजणं, प्रेतं उचलणं. परत आले तेव्हा आजोबांनी विचारलं, काय बघितलंस? दादा म्हणाले, "आपली माणसं मेली, बाबा." त्या दिवसानंतर आमच्या घरात भोपाळला कुणी परगाव म्हटलं नाही.

माझं म्हणणं असं, की जन्माने गाव मिळतं ते आयतं. दुःखात उभं राहून मिळतं ते कमावलेलं. धन्य सिस्टर राणी मरिया केरळच्या. आपल्या मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात त्या गरीब शेतमजुरांसाठी झटल्या, १९९५ मध्ये त्यांना मारण्यात आलं, आणि उदयनगरच्या मातीतच त्या विसावल्या. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला त्यांना धन्य घोषित केलं. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा करून घरचा मानला. मूल निवासी प्रमाणपत्र यापेक्षा वेगळं काय असतं?

आता आमचं ते क्वार्टर उरलेलं नाही. स्मार्ट सिटीसाठी टी. टी. नगरातली जुनी क्वार्टर्स पाडली गेली. एका रविवारी मिस्सा आटपून मी लेकीला तिकडे घेऊन गेलो. अंगणातला पेरू कुठे होता, तेही मला दाखवता आलं नाही. पत्र्याचं कुंपण, आत क्रेन. वाईट वाटलं, पण धडाही मिळाला. तीन पिढ्या ज्याला आम्ही घर म्हटलं, त्याची एक वीटही आमच्या नावावर नव्हती. जे नेता आलं तेच आमचं होतं : आजीची जपमाळ, दादांची गोष्ट, आणि भाकऱ्या बांधून देतानाचं ते एक वाक्य.

तिसरी गोष्ट भाषेची. पुण्यात तुझ्या मराठीला हसतील, असं मी लेकीला आधीच सांगून ठेवलं आहे. आपण 'करून राहिलो' म्हणतो, मध्येच 'मतलब' घालतो. हसू दे. ख्रिस्ती माणसाचं आणि मराठीचं नातं आजकालचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मराठी भक्तिगीतांचं भांडार ख्रिस्ताच्या चरणी वाहिलं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचल्याशिवाय मराठी वाचलं असं कुणी म्हणत नाही. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यामुळे "ख्रिस्ती असून मराठी कशी बोलतेस?" असं कुणी विचारलं, तर रागावू नकोस, त्याला ही चार नावं सांग.

चौथी गोष्ट गर्वाची. नागपूरकडे संत्र्याचं कलम कसं करतात ते आजोबा सांगत. खाली जंबेरीचा खुंट, त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा. जंबेरी आंबट, पण तिची मुळं चिवट. फळ येतं ते संत्र्याचं. मात्र पाणी जंबेरीच ओढते. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल जैतुनाचं कलम सांगतो, आणि तिथे उलटं आहे, रानटी डहाळी चांगल्या झाडावर बसवलेली आहे. पण ताकीद दोन्हीकडे लागू पडते. डहाळीने मुळावर ताठा करू नये, कारण डहाळी मुळाला पोसत नाही, मूळ डहाळीला पोसतं. आपण शिकलो, शहरात आलो, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलो, म्हणून वेशीबाहेरच्या माणसांना विसरलो, तर ते कलम वाळणार. आणि आपलं मूळ दुसऱ्याच्या मुळापेक्षा जुनं, शुद्ध, उंच असं म्हणत बसलो, तरी वाळणार.

एवढं सांगून झाल्यावर मी आईकडे गेलो. म्हटलं, "तिला मी सगळं सांगितलं." आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. मला सांगायची लाज नव्हती रे. तिला ऐकावं लागेल याची भीती होती." आपल्या आयाबायांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तो खोटेपणा नव्हता, ती आडोशासाठी धरलेली ओंजळ होती. पण वात मोठी झाली की ओंजळ काढावी लागते.

लेक झेलम एक्सप्रेसने जाणार आहे. तिला मी गाडीतलं एक काम दिलं आहे. मनमाडनंतर गाडी दौंडच्या लाइनीला लागते. आधी येवला लागेल. ज्यांच्या नावाच्या टी. टी. नगरात तू वाढलीस, ते तात्या टोपे मूळचे येवल्याचे. आणि १९३५ मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तीही येवल्यालाच. पुढे बेलापूर नावाचं स्टेशन येईल, ते श्रीरामपूरचं स्टेशन. तिथून जवळच हरेगाव, जिथे सप्टेंबरात पवित्र मरियेच्या जन्मसणाच्या सुमारास मतमाउलीची यात्रा भरते, आणि सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. त्या सणाच्या मिस्सामध्ये जे शुभवर्तमान वाचतात ते मत्तयाचं, वंशावळीचं. त्या टापूत कुठेतरी आपली वेस आहे. खिडकीतून बघ, क्रुसाची खूण कर, आणि आजीला फोन लाव. नुसतं "बेलापूर आलं" म्हण. ती समजेल.

वाचक बंधुभगिनींनो, या आठवड्यात तुम्हीही एक करा. जेवायच्या वेळी टीव्ही बंद ठेवून मुलांना आजोबा-पणजोबांची एक गोष्ट सांगा. न सजवता सांगा. लाजिरवाणी वाटेल ती आधी सांगा. घरात वृद्ध असतील तर त्यांना सांगू द्या, आणि त्या गप्प राहिल्या तर त्यांचा हात धरून थोडं बसा.

हे प्रभो, नासरेथच्या येशू, तू आमच्यासारखाच एका गावाचं नाव घेऊन जगलास. आमच्या वाडवडिलांना तू वेशीबाहेर भेटलास, भाकर दिलीस आणि नाव दिलंस. आमच्या लेकरांना त्यांची गोष्ट कळू दे, ती सांगताना त्यांची मान ताठ असू दे, पण मनात ताठा नसू दे. ती जातील त्या शहराचं भलं त्यांच्या हातून घडू दे. आणि जशी तोबियाच्या वाटेवर रफाएलाची सोबत दिलीस, तशी आमच्या मुलांना घरापासून दूरच्या वाटेवर सोबत दे. आमेन.